पुष्पाबाईच्या वावरातला चौकोन

बोरखेडीत माणसाची लायकी त्याच्या वावरातल्या तणावरून ठरते. शिक्षण, स्वभाव, दारू पितो का, बायकोला मारतो का, हे सगळं नंतर. मागे एक म्हातारा वारला. गंधमुक्तीच्या पंगतीत वरण-बट्टी हाणता हाणता लोक म्हणत होते, माणूस देवासारखा होता, पण त्याच्या कपाशीत केना फार. झालं. आयुष्यभराचा हिशेब त्या एका केन्यात आटपला. वर चित्रगुप्तानेही पहिला प्रश्न तोच विचारला असणार.

अशा या गावात, सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याहून येणाऱ्या रस्त्याला लागून अभिमन नानाचं वावर आहे. गावातलं सगळ्यात स्वच्छ वावर. सातबाऱ्यावर नाव नानाचं, पण वावर पुष्पाबाईचं. लग्न होऊन आली त्या पावसाळ्यात ती विळा घेऊन वाकली ती अजून सरळ झालेली नाही. कपाशीच्या ओळीत हराळीचं एक पातं दिसलं तरी तिला घास उतरत नाही. रस्त्याने जाणाऱ्या बायांनी "पुष्पाबाईच्या वावरात ताट न मांडता जेवावं" असं म्हणावं आणि तिने ते ऐकलंच नाही असं दाखवून पुढच्या ओळीत शिरावं, एवढंच तिचं सुख. नाना त्या वेळी पारावर बसून देशाचं शेतीधोरण कुठे चुकतं ते सांगत असतो. दोघांनी कामं वाटून घेतली आहेत.

गेल्या जूनमध्ये धुळ्याच्या एका कॉलेजातून शीतल नावाची मुलगी गावात आली. मूळची पिंपळनेरकडची. संशोधन करत होती आणि तिचा विषय होता तण. सरपंचाने चावडीवर दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"म्हणजे तण मारायचं औषध काढणार तुम्ही?"

"नाही. कुठल्या जागी कुठलं तण उगवतं, किती प्रकारचं उगवतं, ते बघायचंय."

"आणि मग मारणार."

"मारायचं नाहीच, भाऊ. मोजायचंय."

सरपंचाने सहानुभूतीने मान हलवली. शिकलेली मुलगी, आईबापांनी केवढ्या आशेने शिकवली असेल, असा तो चेहरा होता.

"खानदेशात हजारो वर्षांपासून शेती आहे," शीतल म्हणाली. "तेवढीच वर्षं तणही आपल्याबरोबर राहतंय. आपण त्याच्याकडे नीट बघितलंच नाही."

"आम्ही बठ्ठा जलम तेच दखी राह्यनूत, माय," मागून एक म्हातारी बोलली आणि चावडी हसली.

शीतलला पाच जागा हव्या होत्या. कपाशीचं वावर, केळीचा बाग, बांध, नाल्याचा काठ आणि गावाजवळचा उकिरडा. प्रत्येक जागी दोन खाटा मावतील एवढा चौकोन निळी दोरी लावून सोडायचा. आत विळा नाही, कोळपं नाही, फवारणी नाही. जे उगवेल ते उगवू द्यायचं. पावसाळा संपला की ती येऊन कापून नेणार.

नाल्याचा काठ कुणाच्याच मालकीचा नव्हता, म्हणून सरपंचाने तो मोठ्या मनाने दिला. उकिरडाही दिला. बांध ज्या दोघांच्या वादात होता ते दोघंही लगेच हो म्हणाले. त्यांचं एकमत झालेलं गावाने पहिल्यांदाच पाहिलं. केळीचा बाग अशा माणसाने दिला की ज्याच्या बागात चौकोन आत कुठला आणि बाहेर कुठला हे दोरीशिवाय कळलंच नसतं. अडलं फक्त कपाशीवर. भर रस्त्यावरून दिसेल असं तण स्वतःच्या वावरात कोण ठेवणार? माणसं पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसली.

"ज्या शेतकऱ्याचं वावर असेल त्याचं नाव माझ्या प्रबंधात छापलं जाईल," शीतल म्हणाली.

अभिमन नानाचा हात वर गेला.

घरी पुष्पाबाईने पिठाचे हात तसेच ठेवून ऐकून घेतलं.

"वावरमा तन ठेवानं? मी काय मरेल शे का?"

"शब्द दिधा शे मी."

"मंग तो शब्द तुम्ही आंगनमा पेरा. मना वावरमा काबर?"

नाना शेतीधोरणावर तासभर बोलू शकतो, पण बायकोपुढे त्याचं एक वाक्य टिकत नाही. मधे पडला तो मुलगा, रोहिदास. हा सरळ पोरगा. इतका सरळ की गावात त्याला लोक जरा मंद समजतात. "माय, तिनी हात जोडीसन मांगेल शे," तो म्हणाला. "आपुन हो म्हनेल शे. ऱ्हाऊ दे."

मग चौकोन राहिला. दोरी बांधली गेली, कोपऱ्यावर खुंट्या आणि एका खुंटीवर पत्र्याचा तुकडा, त्यावर शीतलने रंगाने नंबर टाकला. पुष्पाबाई त्याच्या बाजूने जाताना तोंड फिरवून जायची, जसं लग्नघरात पिऊन आलेल्या नातेवाइकाकडे बघत नाहीत तसं. तिला वाटलं होतं, दोन केने उगवतील, चार लव्हाळे. पण श्रावण संपेपर्यंत दोरीच्या आत गाजरगवत छातीला लागलं. पांढऱ्या फुलांनी नुसतं भरून गेलं. बाजूला कपाशी ओळीत उभी, शाळेच्या पोरांसारखी, आणि मधे हा दांडगट.

आणि नेमकं याच वेळी रोहिदासला स्थळ सांगून आलं.

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला कुणी मुलगी देत नाही. शेतकरीसुद्धा देत नाही. ज्याने जन्मभर कापूस विकून मुलीला शिकवलं तोही जावई मागताना म्हणतो, पुण्यात कुठंही चिकटलेला असू दे, गेटवर उभा राहणारा चालेल, वावरात उभा राहणारा नको. भाषणात शेतकरी राजा असतो. राजाला राणी मात्र मिळत नाही. रोहिदास पस्तिशीला टेकला होता. आलेल्या पाहुण्यांना पोहे करून करून पुष्पाबाईचा हात इतका बसला होता की डोळे मिटून फोडणी द्यायची. पाहुणे पोहे संपवायचे आणि "कळवतो" म्हणायचे.

हे स्थळ भटूने आणलं. भटू सोयरिकी जमवतो आणि खोटं बोलतो, पण ही दोन वेगळी कामं आहेत असं त्याला वाटत नाही. मुलगी ममता, भुसावळची, घरी शिकवण्या घेणारी. वडील तोताराम आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले. आप्पांनी मॅट्रिक झाल्या झाल्या गाव सोडलं आणि त्यानंतर मातीला हात लावला तो फक्त तुळशीच्या कुंडीतल्या. पण दर दोन वाक्यांनंतर ते "मी शेतकऱ्याचा मुलगा आहे" असं सांगतात. त्यांना प्रत्येक स्थळात खोट दिसायची. नोकरीवाल्यांचे स्वभाव आवडायचे नाहीत, धंदेवाल्यांचे धंदे. असं करता करता ममता तिशी ओलांडून गेली होती.

"घर मी बघत नाही," आप्पांनी निरोप पाठवला होता. "घर कुणीही रंगवतं. मी वावर बघतो. मला कळतं."

पाहुणे येणार त्या दिवशी पुष्पाबाई तांबडं फुटताच विळा घेऊन वावरात गेली. चौकोनापाशी रोहिदास आधीच उभा.

"सरक."

"माय, शब्द दिधा शे आपुन."

"तुनं लगन मोडी रे! आठे हाई जंगल दखी तं कोन पोर देई तुले?"

"मोडू दे. दोरीना आत हात नको घालू."

पुष्पाबाईने विळा फेकला. "मंग त्या गाजरगवतसंगेच लगन लाव! पोहे करानं काम तरी वाची!"

दुपारी आप्पा आले. पांढरा सफारी, पांढरे बूट. सोबत त्यांची बहीण बेबाबाई आणि स्वतः ममता. भटू सगळ्यांना केळीच्या बाजूने फिरवून आणत होता, पण शेतकऱ्याच्या मुलाने नेमकी निळी दोरी हेरली.

"हे काय आहे?"

नाना आभाळाकडे बघू लागला. पुष्पाबाईने पदर डोळ्यांपर्यंत ओढला. रोहिदास तोंड उघडणार एवढ्यात भटू पुढे झाला.

"तो प्लॉट शे आप्पा. कंपनीचा."

आमच्या भागात बियाण्याच्या कंपन्या निवडक शेतकऱ्यांच्या वावरात प्लॉट घेतात. अशीच दोरी, असाच पत्र्यावर नंबर. ज्याच्या वावरात प्लॉट त्याचा रुबाब वेगळाच. आप्पांनी पत्र्यावरचा नंबर वाचला, हात मागे बांधले आणि चौकोनाला एक प्रदक्षिणा घातली.

"औषधी दिसतंय."

"आता तुमच्यासारख्या जाणकाराले आम्ही काय सांगणार?" भटू म्हणाला.

"ओळखलं मी," आप्पा म्हणाले. "हे सध्या बाहेर फार चाललंय. वास घेतला की कळतं." आणि फूल खुडायला हात पुढे केला.

"आप्पा, हात नका लावू," रोहिदास म्हणाला. "खाज सुटते. अंगावर पुरळ उठेल."

"म्हणजे ताकद आहे त्यात," आप्पा बहिणीला म्हणाले. ममताला अचानक खोकला आला. ओढणी तोंडावर धरून ती बराच वेळ खोकत राहिली.

जेवणं झाल्यावर आप्पांनी "कळवतो" म्हटलं नाही. सरळ हो म्हटलं. मग आप्पांनी सुपारी कातरत एक अट घातली.

"कपाशीत आता काही राहिलेलं नाही. पुढच्या वर्षी सगळं वावर या औषधीखाली आणायचं. एवढासा तुकडा काय करता? धाडस पाहिजे माणसात."

"बठ्ठं वावर?" पुष्पाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"आणू ना, आणू," नाना म्हणाला. पोराचं लग्न जमणार असेल तर त्याने वावरात दगडही पेरले असते. तसंही निंदायला तो थोडाच जाणार होता.

त्यानंतरचे दिवस पुष्पाबाईने कसे काढले ते तिचं तिला माहीत. जे उपटण्यात हाडं झिजवली त्याच्याच जिवावर पोराचं लग्न जमलं होतं. चौकोन निंदून साफ करावा तर सोयरीक जाते, राखावा तर बिया उडून कपाशीत पडतात. बाया रस्त्यावरून विचारत, "काय व पुष्पाबाई, आमना बांधवर बी कंपनी धाडशी का?" ती पुढच्या ओळीत शिरायची. रोहिदास म्हणाला, मी फोन करून खरं सांगून टाकतो. नाना म्हणाला, "पोऱ्या, तोंडले कुलूप लाव. लगन व्हऊ दे, मंग सांग." भटू म्हणाला, लगन झाल्यावर सांगायची गरजच काय, तेव्हा आप्पाला स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यावा लागेल, आणि तो माणूस ते करणार नाही. भटू खोटारडा आहे, पण माणसं वाचतो.

साखरपुडा दसऱ्यानंतर बोरखेडीतच ठरला. त्याच सुमाराला शीतलने नानाला फोन केला की चौकोन कापायला यायचंय. तारीख तीच निघाली. "याच की," नाना म्हणाला, "कार्यक्रमच आहे, जेवूनच जा." प्रबंधात आपलं नाव छापणारी बाई पाहुण्यांसमोर मिरवता येईल एवढाच त्याने विचार केला. पुढचा विचार करणं नानाच्या शेतीधोरणात बसत नाही.

दोन गाड्या भरून आप्पांची भावकी आणि रेल्वेची माणसं आली. अंगठ्या राहू द्या, आधी प्लॉट, असं आप्पांनी जाहीर केलं. सगळी वरात वावरात. शीतल विळा आणि कागदी पिशव्या घेऊन दोरीपाशी बसलेली होती.

"मॅडम कंपनीच्या का?" आप्पांनी विचारलं.

"नाही, कॉलेजच्या. संशोधन आहे हे."

"ऐकलंत?" आप्पा भावकीकडे वळले. "संशोधन! आणि तुम्ही मला म्हणत होतात की शेतकऱ्याला मुलगी देतोय."

माणसं चौकोनाभोवती उभी राहिली. मोबाइल निघाले. कुणी गाजरगवतासोबत फोटो काढले. कुणी विचारलं, पाणी किती लागतं. भटू म्हणाला, पाणी कमीच लागतं, हीच तर खुबी. पुष्पाबाई नवी साडी नेसून मागे उभी होती, खाली मान घालून. इथपर्यंत तिने सहन केलं. पण बेबाबाई तिच्याजवळ आली, मायेने तिचा हात धरला आणि म्हणाली,

"विहीणबाई, काय दाट पेरलंय हो! बोट घालायला जागा नाही. तुमच्याच हातचं ना?"

तेवढं पुरलं.

"मी नही पेरं!" पुष्पाबाई एवढ्या मोठ्याने ओरडली की पलीकडच्या वावरातली माणसं उभी राहिली. "गाजरगवत शे हाई! तन शे तन! लगन मोडनं तं मोडू द्या, पन पुष्पानी तन पेरं आसं कोनीबी म्हनानं नही! ईचारा बठ्ठा गावले! मना वावरमा आजलगून कोनी एक काडी दखी का?"

नाना खाली बसला. फोटो काढणाऱ्याने मोबाइल हळूच खिशात सरकवला. रोहिदास आईच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"माय खरं सांगतेय, आप्पा," तो म्हणाला. "आम्ही त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं."

आता तोताराम आप्पांची काय गत झाली ते बघा. सोयरीक मोडावी, तर का मोडली ते सांगावं लागणार. शेतकऱ्याच्या मुलाला गाजरगवत ओळखू आलं नाही, हे सांगावं लागणार. अख्ख्या रेल्वे कॉलनीत त्यांनी जावयाच्या औषधी प्लॉटची हवा केली होती. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, जवळजवळ सफारीच्या रंगाचा.

भटूने तेवढ्यात गळ टाकला. "आप्पाले पहिल्याच दिवशी समजलं होतं! ते फक्त बघत होते, ही माणसं खरं कधी बोलतात!"

आप्पांनी एक श्वास घेतला. सगळ्यांकडे बघितलं. आणि गळ गिळला.

"शेतकऱ्याचा मुलगा आहे मी," ते म्हणाले. "गाजरगवत मला कळत नाही? परीक्षा घेत होतो. मुलगी द्यायची म्हणजे घराणं पारखावं लागतं. आज पटलं. माणसं खरी आहेत."

"वास घेऊनच ओळखलं होतंस तू," बेबाबाई म्हणाली. भावाला ती लहानपणापासून ओळखते.

सगळी भावकी माना हलवू लागली. ज्याने फोटो काढले होते तोही म्हणाला, मलाही शंका आलीच होती. अशा रीतीने त्या वावरात एकही फसलेला माणूस उरला नाही.

मग शीतलने कापायला घेतलं. पाहुण्यांना काहीतरी बोलायला हवंच होतं, म्हणून त्यांनी तिलाच विचारलं, कुठे काय सापडलं. तिने सांगितलं, सगळ्यात जास्त प्रकार सरपंचांच्या घरामागच्या उकिरड्यावर आहेत. धोतरा, माठ, आघाडा, घोळ, तरोटा, मोजता मोजता वही भरली. सरपंच खाली बघू लागला. त्याखालोखाल बांधावर. नाल्याला बेशरमाच्या झुडपांनी दुसऱ्या कुणाला फार जागा ठेवलेली नाही. केळीत सावलीला आवडणारं वेगळंच तण.

"आणि इथे?" पुष्पाबाईने विचारलं. आवाज अजून बसलेला होता.

"इथे सगळ्यात कमी, मावशी," शीतल जरा वाईट वाटून म्हणाली. "बाहेरून उडून आलेलं गाजरगवत आणि बाकी किरकोळ. या जमिनीत जुन्या तणांचं बीच उरलेलं नाही. इतकी वर्षं तुम्ही इतकं निंदलंत की केन्यासारखंसुद्धा नावाला राहिलंय. कितीतरी जाती या वावरातून संपल्या."

तिने हे दुःखाने सांगितलं. पुष्पाबाईने ते कसं ऐकलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सगळ्यात कमी?"

"हो."

"पाची जागामा?"

"हो, मावशी."

"जरा मोठ्यानं सांग, बाई," पुष्पाबाई म्हणाली आणि रस्त्यावर जमलेल्या बायांकडे बोट केलं. "त्यास्ले ऐकू नही उनं."

शीतलने बिचारीने मोठ्याने सांगितलं.

अंगठ्या घालून झाल्यावर रोहिदास आणि ममताला पाच मिनिटं बोलायला ओट्यावर बसवलं. रोहिदास माफी मागू लागला.

"अहो, मी त्याच दिवशी ओळखलं होतं," ममता म्हणाली. "आमच्या जुन्या क्वार्टरच्या मागे, रुळांच्या कडेने हेच तर आहे, पार यार्डापर्यंत. लहानपणी अंगाला लागून रात्रभर खाजवत बसायचे."

"मग बोलल्या का नाहीत?"

"बाबा जन्मात पहिल्यांदा एका स्थळाला हो म्हणत होते. मी कशाला मोडता घालू?" ती हसली. "आणि सगळे खोटं बोलत असताना तुम्ही म्हणालात, हात लावू नका, खाज सुटते. म्हटलं, हा माणूस बरा दिसतो. स्वतःचं लग्न मोडत असतानाही सासऱ्याचे हात वाचवतो."

तिकडे दुसरी पंगत उठायच्या आत पुष्पाबाई वावरात गेली होती. दोरी सोडून गुंडाळून ठेवली होती आणि नव्या साडीचा पदर खोचून ती शीतलने कापून मागे ठेवलेली खोडं मुळासकट उपटत होती. शेजारी बेबाबाई बसली होती आणि तीही उपटत होती. काम चांगलं चाललं होतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. यंदाच्या जुलैमध्ये शीतल दुसऱ्या वर्षाच्या मोजणीसाठी आली तेव्हा एसटीतून उतरल्या उतरल्या तिला कळेना की काय झालंय. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरावावरात निळ्या दोऱ्या. कुठे चौकोन, कुठे लांबट, प्रत्येकावर पत्रा, पत्र्यावर नंबर. ज्या ज्या घरात लग्नाचा पोरगा बसून आहे त्या प्रत्येक वावरात एक तुकडा न निंदता सोडलेला. ज्या बाया पुष्पाबाईला हसत होत्या त्याच आता आपापल्या गाजरगवतात गाईगुरं शिरू नयेत म्हणून राखण करत होत्या. शीतलला एवढा उत्साह आजवर कुठल्या गावात दिसला नव्हता. तिने सरपंचाचे आभार मानले. त्यानेही ते स्वीकारले.

दोरी नव्हती ती फक्त पुष्पाबाईच्या वावरात. तिथे सासू-सून ओळीत बसून निंदत होत्या. सून अजून कच्ची, कपाशीही उपटते, पण शिकतेय.

बांधावर एक पोरगा येऊन उभा राहिला. बराच वेळ घुटमळला.

"वहिनी," शेवटी म्हणाला, "तुमच्या भुसावळला अजून पोरी असतील ना?"

ममताने मान वर केली. त्याच्या वावराकडे बघितलं. तिथली निळी दोरी नवीकोरी होती, आतलं गाजरगवत जेमतेम गुडघ्याला आलं होतं.

"आहेत की," ती म्हणाली. "आणि त्यांचे बापही सगळे शेतकऱ्याचेच मुलगे आहेत."